झटके थांबलेत, मग पुडी कधी थांबवायची?

ताई, आमचा मुलगा 9 महिन्यांचा आहे, वजन 8 किलो. सहाव्या महिन्यात झोपेतून उठला की मान खाली घालून दोन्ही हात फेकायचा, एकामागून एक दहा-बारा वेळा. सासूबाई म्हणाल्या पोटात कळ येतेय, म्हणून पंधरा दिवस आम्ही ग्राइप वॉटर पाजलं. मग पुण्याला नेलं. ईईजी झाला, एमआरआय झाला. अंगावर पांढरे डाग आहेत, ते आम्ही कोड समजत होतो. ते ट्यूबरस स्क्लेरोसिसचे, म्हणजे मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी करणाऱ्या जन्मजात आजाराचे निघाले. व्हिगाबॅट्रिनची पुडी सुरू झाली, सकाळी 8 मिली आणि रात्री 8 मिली. नवव्या दिवसापासून एकही झटका नाही. पोरगं पुन्हा हसायला लागलंय. आता दोन महिने होतील. पण मिस्टरांनी औषधाचं माहितीपत्रक वाचलं, त्यात नजर कायमची जाऊ शकते असं लिहिलंय. तेव्हापासून घरात भांडण आहे. ते म्हणतात, झटके थांबलेत, आता डोळे कशाला घालवायचे? चार दिवस झाले, रात्रीचा डोस आम्ही निम्मा केलाय. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. डोळ्यांची तपासणी करायला सांगितली होती, तीही राहिलीय. मी सकाळी पुडी विरघळवते, उरलेलं 2 मिली महाग म्हणून फ्रिजमध्ये ठेवते. रात्री माझी ड्यूटी असते तेव्हा सासूबाई दुधाच्या बाटलीतून देतात. आमचं चुकतंय का?
– एक आई, सातारा जिल्हा

प्रिय बाळाच्या आई,

आधी डॉक्टरांना फोन करा. हे उत्तर पुढे वाचायच्या आधी करा. ‘चार दिवस रात्रीचा डोस निम्मा देतोय’ एवढं एकच वाक्य सांगायचं आहे. डॉक्टर रागावतील. रागावू द्या. डोस लगेच पूर्वीसारखा करायचा की कसं, हे ते सांगतील आणि ते सांगेपर्यंत यापुढे थेंबभरही कमी करू नका. बाळ झोपेतून उठतं तेव्हाची पहिली दहा-पंधरा मिनिटं या दिवसांत नीट बघा. तसे झटके पुन्हा दिसले तर मोबाइलवर टिपा आणि त्याच दिवशी दाखवा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

चार दिवसांत काही झालं नाही, म्हणजे निम्म्यावर भागतंय, असं तुमच्या मिस्टरांना वाटत असेल. इथे हे औषध फसवतं. मेंदूतल्या पेशींना शांत करणारं गाबा नावाचं एक रसायन असतं. गाबा मोडून टाकणारं जे एन्झाइम असतं, ते व्हिगाबॅट्रिन बंद पाडतं, आणि बंद पाडतं ते कायमचं. शरीराला ते एन्झाइम नव्यानं तयार करावं लागतं. त्यामुळे औषध रक्तातून काही तासांत कमी झालं, तरी त्याचा परिणाम काही दिवस टिकतो. आज तुम्हाला जी शांतता दिसतेय, त्यात आधीच्या पूर्ण डोसचाही वाटा असू शकतो.

आता मुख्य प्रश्न. मी डॉक्टर नाही, रुग्णालयातल्या औषध विभागात आयुष्य काढलेली फार्मासिस्ट आहे, तेव्हा औषधाच्या बाजूनं सांगते. तुमच्या मिस्टरांनी जे वाचलं ते खरं आहे. ‘सगळ्याच पत्रकांत असलं काहीतरी लिहिलेलं असतं’ असं म्हणून ते उडवून लावणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. हे औषध ब्रिटनमध्ये 1989 साली बाजारात आलं आणि 1997 साली डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहिलं की काही रुग्णांची नजर कडेकडेनं अरुंद होतेय. अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती 2009 साली, आणि तीही काळ्या चौकटीतल्या, म्हणजे सर्वांत कडक इशाऱ्यासह. मोठ्या माणसांत हे प्रमाण थोडंथोडकं नाही. अमेरिकी माहितीपत्रकात 30 टक्के किंवा त्याहून जास्त असा आकडा आहे, त्यात सौम्यापासून गंभीरापर्यंत सगळे आले. नुकसान डोळ्याच्या पडद्याचं, म्हणजे दृष्टिपटलाचं होतं. बहुतेकदा मधली नजर राहते आणि बाजूचं दिसणं कमी होतं; फार वाढलं तर नळीतून बघावं तसं दिसतं. गेलेली नजर परत येत नाही.

बाळांचं काय? बाळाला ‘बाजूचा दिवा दिसला की बटण दाब’ असं सांगता येत नाही, म्हणून त्यांच्यात मोजणं अवघड. टोरांटोच्या बालरुग्णालयानं पडद्याच्या विद्युत तपासणीनं बघितलं, तेव्हा 6 महिने औषध घेतलेल्या बाळांत सुमारे 5 टक्क्यांना आणि 12 महिने घेतलेल्यांत सुमारे 13 टक्क्यांना परिणाम दिसला. या दोन आकड्यांत सगळं आलं. धोका आहे, पण तो पहिल्या पुडीत भरलेला नाही. एकूण किती औषध पोटात गेलं आणि किती काळ गेलं, यावर तो वाढत जातो.

मग इतकं असूनही डॉक्टरांनी हेच का निवडलं? कारण पलीकडचा आजार वाट बघत नाही. बाळाचे हे झटके, ज्यांना डॉक्टर इन्फंटाइल स्पॅझम्स किंवा वेस्ट सिंड्रोम म्हणतात, दिसायला किरकोळ असतात, एकेक झटका सेकंद-दोन सेकंदांचा. घरातले दचकणं म्हणतात, पोटशूळ म्हणतात. तुमच्या सासूबाईंना बोल लावू नका. या आजाराला ज्यांचं नाव मिळालं, त्या डॉ. वेस्टनी 1841 साली ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून जे वर्णन केलं, ते त्यांच्या स्वतःच्या बाळाचं होतं. डॉक्टर बापानं जळवा लावल्या, जुलाबाची औषधं दिली, अफू देऊन पाहिली. काही उपयोग झाला नाही. खरा घात झटक्यांच्या मधल्या वेळात होत असतो. ईईजीवर दिसतं की झटका नसतानाही मेंदूतल्या लहरी पार विस्कटलेल्या आहेत. त्या काळात बाळ शिकलेलं विसरतं. मान धरायचं थांबतं, नजर मिळवायचं थांबतं, हसायचं थांबतं. तुम्ही लिहिलंत की तो पुन्हा हसायला लागला. पत्रातलं हेच वाक्य डॉक्टरांना वाचून दाखवा. त्यांच्या दृष्टीनं झटक्यांच्या आकड्याइतकंच ते मोलाचं आहे.

आणि ट्यूबरस स्क्लेरोसिस असलेल्या बाळांत हे औषध विशेष गुणकारी ठरतं. 1997 साली फ्रान्समधून एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात व्हिगाबॅट्रिन दिलेल्या 11 पैकी 11 बाळांचे झटके थांबले, तर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलेल्या 11 पैकी 5 जणांचे. बावीस बाळं म्हणजे काही फार नव्हेत, पण त्यानंतर जगभरात अशा बाळांसाठी पहिली पसंती व्हिगाबॅट्रिनलाच राहिली आहे. इतर कारणांनी असे झटके येणाऱ्या बाळांना बऱ्याचदा एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शनं किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. ओळखीतल्या एखाद्या बाळाला वेगळं औषध दिलं असेल, तर त्यामागे असं कारण असू शकतं.

म्हणून घरातलं भांडण ‘द्यायचं की नाही’ यावर आहे, तेच मला चुकीचं वाटतं. ‘कधीपर्यंत द्यायचं’ हे विचारायला हवं. हा प्रश्न मिस्टरांनी डॉक्टरांना विचारण्याऐवजी रात्रीच्या सिरिंजमध्ये सोडवायला घेतला, इतकंच बिघडलं. व्हिगाबॅट्रिन चिठ्ठीवर ‘चालू ठेवा’ असं लिहून वर्षानुवर्षं ओढत न्यायचं औषध नव्हे. सुरू केल्यावर साधारण 2 ते 4 आठवड्यांत झटके पूर्ण थांबले पाहिजेत. ‘पूर्वी बारा यायचे, आता चार येतात’ हे यश धरत नाहीत. नाही थांबले, तर औषध बदलतात, उगाच डोळ्यांवर भार ठेवत नाहीत. थांबले, तर ईईजी पुन्हा काढून लहरी सुधारल्यात का ते बघतात. ट्यूबरस स्क्लेरोसिस नसलेल्या बाळांत पुष्कळदा एकूण 6 महिने पुरतात. तुमच्या बाळाच्या आजारात झटके उलटण्याची भीती जास्त असते, म्हणून डॉक्टर कदाचित याहून लांबवतील. ते का लांबवताहेत, पुढचा आढावा कोणत्या महिन्यात घेणार आहेत, हे फाइलवर तारखेसह लिहून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो.

बंद करायची वेळ येईल तेव्हाही औषध टप्प्याटप्प्यानं उतरवतात. एकदम तोडलं तर झटके उसळून येतात, आधीपेक्षा वाईट. किती दिवसांनी किती कमी करायचं, त्याचे आकडे मी मुद्दाम इथे देत नाही, कारण ते वाचून कोणीतरी घरीच सुरुवात करेल, हे मला पक्कं ठाऊक आहे.

डोळ्यांची तपासणी राहिलीय, ती मात्र आता पुढे ढकलू नका. पहिली तपासणी औषध सुरू होताना किंवा फार तर पहिल्या 4 आठवड्यांत, मग दर 3 महिन्यांनी, आणि औषध बंद झाल्यावर 3 ते 6 महिन्यांनी आणखी एकदा, असा अमेरिकी माहितीपत्रकातला क्रम आहे. तुमची पहिलीच हुकली आहे. गावातला चष्म्याचा नंबर काढणारा यासाठी उपयोगाचा नाही. लहान मुलांचे डोळे बघणारे नेत्रतज्ज्ञ हवेत आणि त्यांना वाटलं तर ईआरजी, म्हणजे डोळ्यावर प्रकाशाचे झोत टाकून पडद्याची विद्युत हालचाल मोजायची तपासणी. ती मोठ्या नेत्ररुग्णालयांत होते. बाळ हलतं म्हणून कधीकधी गुंगी देऊन करतात. तेव्हा भूल देणाऱ्यांना सगळ्या औषधांची नावं सांगा, आणि उपाशी ठेवायला सांगितलं असेल तर सकाळच्या डोसचं काय करायचं हे आधीच विचारा. डोस चुकवण्याचा निर्णय स्वतः घेऊ नका. एक गोष्ट लपवत नाही: तपासणी म्हणजे विमा नव्हे. ती नुकसान होण्याआधी नव्हे, होऊ लागल्यावर सांगते. पण लवकर कळलं तर तिथेच थांबवायचा विचार करता येतो. अमेरिकेत या औषधासाठी डॉक्टर, दुकान आणि पालक यांची नोंदणी करून घेण्याचा रिवाज होता. आपल्याकडे हे लक्षात ठेवायचं काम शेवटी आईबापांवरच येतं. कॅलेंडरवर तारखा मांडून ठेवा.

आता सिरिंज आणि फ्रिज. माझा खरा प्रांत हा, त्यामुळे थोडी लांबण लागेल.

पुडीत 500 मिलिग्रॅम औषध असतं. ती पूर्ण पुडी 10 मिली साध्या किंवा गार पाण्यात विरघळवली की दर मिलीत 50 मिलिग्रॅम होतं. तुमच्या 8 मिलीत म्हणून 400 मिलिग्रॅम, दोन वेळचे 800, आणि 8 किलोच्या बाळाला ते किलोमागे 100 पडतं. हा हिशेब तुम्हाला यासाठी दिला की दुकानदारानं कधी वेगळी पुडी दिली किंवा कोणी ‘10 ऐवजी 5 मिलीत करा, कमी पाजावं लागेल’ असं सुचवलं, तर पेन घेऊन पडताळून बघता यावं. पाणी सिरिंजनंच मोजायचं. घरातला चमचा वापरू नका. एका घरातले दोन चमचे सारखे नसतात. मेडिकलमधून 10 मिलीची बिनसुईची सिरिंज आणा आणि 8 च्या रेघेवर पक्क्या शाईनं खूण करा. द्रावण स्वच्छ दिसायला हवं. गढूळ राहिलं तर ते देऊ नका, नवीन करा.

उरलेलं 2 मिली फेकायचं. मला माहीत आहे, जीवावर येतं. पण हे द्रावण तयार केल्याबरोबर द्यायचं आणि उरलेलं टाकायचं, अशीच सूचना आहे. चार दिवसांचं उरलेलं मिळून एक डोस बनवला, तर त्यात नेमकं किती औषध आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. खर्च खरोखर झेपत नसेल तर तेही डॉक्टरांना उघड सांगा. त्याची लाज फ्रिजमध्ये लपवू नका.

दुधाच्या बाटलीतून देणं बंद. सासूबाई हौसेनं देतात, पण बाळानं अर्धी बाटली सोडली की अर्धं औषध सोडलं, आणि किती सोडलं ते कळत नाही. बाळाला मांडीवर थोडं उभट धरायचं, सिरिंजचं टोक गालाच्या आत ठेवायचं आणि थोडंथोडं, गिळायला वेळ देत सोडायचं. घशाच्या मागे फवारा मारायचा नाही. दूध नंतर पाजा. हे औषध रिकाम्या पोटी किंवा भरल्या पोटी, दोन्ही चालतं. सासूबाईंना एकदा तुमच्यासमोर करू द्या. वजन वाढेल तसा डोसही बदलू शकतो, म्हणून दर भेटीत बाळाचं वजन करून घ्या आणि नवा डोस मिलिग्रॅम आणि मिली दोन्हीत लिहून मागा. नुसत्या ‘मिली’वर अनेक घरांत घोटाळा होतो. तुम्हाला कधी पुडीऐवजी गोळी मिळाली तर सुरीनं तुकडे करत बसू नका. किती पाण्यात आणि त्यातलं किती, हे डॉक्टरांकडून लिहून आणा.

डोस राहून गेला आणि लवकर आठवला तर द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर राहू द्या, पण दोन डोस एकत्र कधीच देऊ नका. औषध पाजल्यावर उलटी झाली तर किती वेळानं झाली ते घड्याळात बघून फोनवर विचारा. परत पाजायचं की नाही हे अंदाजानं ठरवायचं नाही. तालुक्याच्या ठिकाणी हे औषध दर दुकानात मिळत नाही, तेव्हा घरात किमान दोन आठवड्यांचा साठा असताना पुढचं मागवा. दिवाळीत दुकान बंद होतं, हे कारण बाळाच्या मेंदूला चालत नाही.

या औषधानं बाळ झोपाळू होतं, कधी चिडचिडं, कधी अंग सैल. थोडं चालतं. पण दूध प्यायलाही जाग येत नसेल, एकाएकी फार लुळं पडलं असेल किंवा हातापायांच्या विचित्र हालचाली सुरू झाल्या, तर लगेच कळवा. बाळांत, विशेषतः मोठ्या डोसवर, एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या भागात बदल दिसू शकतात. औषध कमी केलं किंवा बंद केलं की ते सहसा जातात, पण ते डॉक्टरांना कळायला हवेत. झोपेची किंवा आकडीची दुसरी औषधं सोबत असतील तर सुस्ती वाढते. सर्दीचं सिरप दुकानातून आपल्या मनानं आणू नका.

हे औषध यकृतात फारसं न मोडता मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. ट्यूबरस स्क्लेरोसिस हा मूत्रपिंडांतही गाठी करणारा आजार आहे, म्हणून सोनोग्राफी आणि रक्ततपासणी सांगितली असेल तर ती वरवरची समजू नका. जुलाब-उलट्या होऊन लघवी कमी झाली तर त्याच दिवशी कळवा. आणखी एक बारीक गोष्ट: या औषधानं यकृताच्या रक्ततपासणीतलं एसजीपीटी खोटंच कमी दिसतं. उद्या दुसऱ्या एखाद्या औषधासाठी यकृताची तपासणी झाली, तर बघणाऱ्या डॉक्टरांना हे आठवण करून द्या.

तुमच्या पत्रात नाही, पण येईल म्हणून आधीच सांगते. कोणीतरी ‘झटक्यावरची जडीबुटीची पुडी’ सुचवेल, साइड इफेक्ट नाही म्हणेल. आपल्या देशात अशा पुड्यांत फिनोबार्बिटॉन हे आकडीवरचं औषध मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं झाली आहेत. म्हणजे शेवटी इंग्रजी औषधच, फक्त किती आहे हे न सांगता. तसंच कांदा-चप्पल हुंगवणारेही भेटतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, बाळाला कुशीवर करा आणि घड्याळ बघा. या बाळांना पुढे वेगळ्या, लांब आकड्याही येऊ शकतात. 5 मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा. आकडी थांबवायला घरी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा ठेवायचा का, हे पुढच्या भेटीत विचारा.

पांढऱ्या डागांबद्दल एकच. तुम्ही आणि मिस्टर, दोघांनीही आपली त्वचा डॉक्टरांना दाखवून घ्या. साधारण दोन-तृतीयांश मुलांत या आजाराचा जनुकातला दोष नव्यानंच आलेला असतो, आईबापांत नसतो. पण पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी ते माहीत असलेलं बरं. बाळाच्या हातापायांच्या आणि बोलण्याच्या प्रगतीसाठी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात नाव नोंदवा. तिथे त्यासाठी पैसे पडत नाहीत.

पुण्याला जाल तेव्हा मिस्टरांना बरोबर न्या, बाहेर बाकावर बसवून ठेवू नका. त्यांनी ज्या माहितीपत्रकावर खुणा केल्या असतील, तेच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवू द्या आणि त्यांनाच विचारू द्या: आज एकूण किती दिवस झाले, ईईजी परत कधी, डोळे कोणाकडे दाखवायचे, आणि कोणत्या महिन्यात आपण हे उतरवायचं की नाही ते ठरवणार.